तेल धरून ठेवणारी पूड: इमल्शनमधून सच्छिद्र ॲल्युमिना कसा करायचा

शेवभाजीवर तर्री आली की जेवणाऱ्याला बरं वाटतं. आपल्या कामात मात्र तेल असं वर आलं की घाण (एका खेपेचं मिश्रण) वाया गेला. आपल्याला तेलाचे बारीक थेंब पाण्यातल्या ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या, पुडीत अडकवून ठेवायचे आहेत, मग पाणी आणि तेल दोन्ही उडवून लावायचं आहे आणि उरलेली पूड भट्टीत भाजायची आहे. जिथे थेंब होता तिथे छिद्र राहतं. अशी हलकी, सच्छिद्र सिरॅमिक चकती गाळणीसाठी, उष्णतारोधक म्हणून किंवा उत्प्रेरक बसवायला वापरतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयात प्रकल्प म्हणून हे करणाऱ्यांसाठी पूर्ण कृती पुढे दिली आहे.

साध्या इमल्शनमध्ये, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब विखुरलेल्या मिश्रणात, साबणासारखा सर्फॅक्टंट थेंबाभोवती असतो. इथे ते काम घन कण करतात. याला पिकरिंग इमल्शन म्हणतात. रॅम्सडेनने १९०३ मध्ये आणि स्पेन्सर पिकरिंगने १९०७ मध्ये हे मांडलं. पिकरिंग इंग्लंडमध्ये वोबर्नच्या प्रायोगिक फळबागेत फवारणीच्या औषधांवर काम करत होता. मोरचूद आणि चुना मिसळल्यावर जो तांब्याचा साका तयार होतो, तो पाण्यात खनिज तेलाचे थेंब धरून ठेवतो, हे त्याला दिसलं. बोर्डो मिश्रण कालवलेल्या कुठल्याही बागायतदाराच्या हाताखालून हा साका गेलेला असतो.

कण थेंबाला किती घट्ट चिकटेल, हे ठरतं संपर्ककोनावर. कण पाण्याला किती आणि तेलाला किती जवळ करतो, त्याचं हे माप. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पाण्यात तेलाचे थेंब बनतात, जास्त असेल तर तेलात पाण्याचे. २०० नॅनोमीटर व्यासाचा कण ९० अंशांवर बसला, तर त्याला तिथून उपटायला लागणारी ऊर्जा खोलीच्या तापमानातल्या औष्णिक ऊर्जेच्या सुमारे पावणेचार लाख पट असते. तोच कण १० अंशांवर असेल, तर आकडा शंभराच्याही खाली येतो आणि नुसत्या ढवळण्यानेही कण सुटतो. या कामातलं सगळं यश इथे आहे. नवखी मंडळी आधी मिक्सरच्या आणि भट्टीच्या मागे लागतात. आमचा आग्रह आहे की पहिले चार दिवस फक्त कणाच्या पृष्ठभागावर घालवा.

पूड, पाणी, ॲसिड

ॲल्युमिना अल्फा प्रकारचा, साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचा आणि ग्रॅममागे १० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठफळाचा घ्या. पॉलिशिंगसाठी किंवा धातूकामासाठी मिळणारा ॲल्युमिना बऱ्याचदा कित्येक मायक्रॉनचा असतो. तो तळाशी बसतो आणि भट्टीतही त्याचे कण एकमेकांना नीट जुळत नाहीत. पुडीत आधीच कण सुटे ठेवणारा डिस्पर्संट किंवा कण जोडणारा बाइंडर मिसळलेला नाही ना, हे विक्रेत्याला विचारून घ्या, नाहीतर पुढचं सगळं गणित चुकतं.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्डच हवं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं आणि सगळा दोष त्यातल्या कॅल्शियमवर टाकला जातो. इथे खरा त्रास ऋण आयनांचा आहे. पीएच ४ ते ५ ला ॲल्युमिनाचा पृष्ठभाग धन भारित असतो, त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे भार शून्य होतो तो पीएच, ९ च्या आसपास आहे. त्यामुळे पाण्यातला सल्फेट त्याच्यावर जाऊन बसतो आणि कण एकमेकांना चिकटतात. बायकार्बोनेट तुम्ही घातलेलं ॲसिड खाऊन टाकतो आणि पीएच गुपचूप वर सरकतो. याच कारणाने पीएच उतरवायला गंधकाम्ल कधी वापरू नका, हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा. डीआयोनाइज्ड पाणी मिळालं नाही तर ऑटोमोबाइलच्या दुकानातलं बॅटरीत भरायचं पाणी कंडक्टिव्हिटी मीटरवर तपासून चालवता येतं. मात्र त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही ठेवलेलं असतं, लेबल दोनदा वाचा.

पृष्ठभाग बदलायला प्रोपिओनिक ॲसिड घ्या. तीन कार्बनची ही छोटी साखळी. तिचं कार्बोक्सिल टोक धन भारित ॲल्युमिनाला चिकटतं आणि शेपूट बाहेर राहतं. कण थोडासा तेलाकडे झुकतो, पूर्ण तेलकट होत नाही. ब्युटिरिक किंवा व्हॅलेरिक ॲसिड कमी प्रमाणात काम करतं, पण त्यांचा वास कपड्यांना आणि खोलीला कित्येक दिवस सोडत नाही. शिकताना प्रोपिओनिकच बरं. तेही त्वचा भाजतं, हातमोजे आणि चष्मा हवाच. पूड मोजताना मास्क घाला.

तेल कुठलं

स्वयंपाकाचं शेंगदाणा किंवा सरकीचं तेल घेण्याचा मोह होतो, गावात घाणीवरचं ताजं मिळतं म्हणून जास्तच. घेऊ नका. त्यातली मुक्त मेदाम्लं स्वतःच ॲल्युमिनावर चढून बसतात आणि कण कुणामुळे बदलला हे कळेनासं होतं. शिवाय हे तेल उडत नाही, भट्टीत जळून काळा गाभा ठेवतं.

सरावासाठी औषध दुकानातलं हलकं लिक्विड पॅराफिन उत्तम. ते शुद्ध हायड्रोकार्बन आहे आणि सहज पेट घेत नाही. प्रत्यक्ष चकतीसाठी डेकेन हा हायड्रोकार्बन घ्या. ऑक्टेन लवकर उडतो, पण त्याचा ज्वलनांक, म्हणजे वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, १३ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे तो वर्षभर पेट्रोलसारखाच वागतो. डेकेनचा ४६ अंश. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात खोलीच त्या आकड्याच्या जवळ जाते, हे ध्यानात ठेवा. शक्य असेल तर डेकेनचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, फ्यूम हूडमध्ये (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. घरगुती मिक्सरच्या आणि हँड ब्लेंडरच्या मोटरमध्ये ब्रश असतात आणि ते ठिणग्या टाकतात. ऑक्टेनसोबत ते अजिबात नको, डेकेनसोबतही टाळा. ब्रश नसलेल्या मोटरचा ओव्हरहेड स्टरर वापरा.

स्लरी

१६० ग्रॅम ॲल्युमिना आणि ५१ मिली पाणी. वाचताना हे पाणी फार कमी वाटतं, पण घनफळाने पाहिलं तर पूड ४४ टक्केच आहे, कारण ॲल्युमिनाची घनता ३.९८ आहे. पाण्यात २ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे काही थेंब टाका आणि पूड चमच्याचमच्याने घाला. प्रत्येक वेळी स्लरी, म्हणजे हे पूड-पाण्याचं मिश्रण, आधी घट्ट होते. पीएच ४ ते ४.५ पर्यंत उतरवला की ती पुन्हा सैल पडते आणि ओतता येते. सगळी पूड एकदम टाकली तर ओल्या सिमेंटसारखा गोळा होतो आणि तो काही केल्या सुटत नाही. ॲसिडचं आकारमान ५१ मिलीतच धरा.

ही स्लरी बॉल मिलमध्ये १० मिमीच्या ॲल्युमिना गोळ्यांसह १५ ते २० तास फिरवा. गोळ्यांचं वजन पुडीच्या दुप्पट. इथे घाई नको. पुडीतले गठ्ठे फुटले नाहीत, तर आतल्या कणांपर्यंत प्रोपिओनिक ॲसिड पोचत नाही आणि थेंबावर कणांऐवजी ढेकळं बसतात. बाहेर काढल्यावर पीएच पुन्हा मोजा, रात्रीत तो चढलेला असतो.

पाच बाटल्यांची चाचणी

७.४ ग्रॅम प्रोपिओनिक ॲसिड पाण्यात घालून १०० मिली करा, हे १ मोलर द्रावण झालं. ३० मिलीच्या पाच काचेच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत १८.५ ग्रॅम स्लरी, म्हणजे १४ ग्रॅम ॲल्युमिना आणि ४.५ मिली पाणी. आता ॲसिडचं द्रावण अनुक्रमे ०, ०.४, ०.८, १.२ आणि १.६ मिली असं घालायचं आहे. प्रत्येक बाटलीसाठी ते आधी साध्या पाण्यात मिसळून एकूण २ मिली करा आणि मगच, बाटली हलवत, थेंबाथेंबाने सोडा. तीव्र ॲसिड एका जागी पडलं तर तिथले कण जास्त तेलकट होऊन एकमेकांना धरतात आणि रव्यासारख्या गुठळ्या होतात. शेवटी पीएच ४.७ ते ४.९ वर आणा, लागेल तसं सोडियम हायड्रॉक्साइड किंवा हायड्रोक्लोरिक. प्रोपिओनिक ॲसिडचा पीकेए ४.८७ आहे. तिथे अर्धे रेणू ऋण भारित असतात आणि पृष्ठभागही भरपूर धन असतो, म्हणून याच भागात चिकटणं सर्वांत चांगलं होतं.

प्रत्येक बाटलीत १५ मिली लिक्विड पॅराफिन ओता, झाकण घट्ट लावा, दोन मिनिटं जोरात हलवा आणि रात्रभर उभी ठेवा.

सकाळी बाटल्या उजेडासमोर धरून एकेक बघा. शून्य ॲसिडच्या बाटलीत खाली पांढरी स्लरी, वर स्वच्छ तेल आणि मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. पुढच्या बाटलीत तेलाचा थर पातळ होतो, सीमेवर गव्हाएवढे मोठे थेंब लोंबकळत दिसतात. मग एक बाटली अशी येते की तेलाचा थर नाहीच. सगळं मिळून एकसारखं पांढरं, चक्क्यासारखं, बाटली तिरकी केली तरी पृष्ठभाग तिरका न होणारं. ती बाटली उलटी धरा. दहा सेकंदांत मिश्रण झाकणाकडे सरकलं नाही, तर तुमचं प्रमाण सापडलं. त्यापुढच्या बाटलीत मिश्रण कदाचित खरखरीत, फाटलेल्या दुधासारखं दिसेल. तिथे ॲसिड जास्त झालंय. पाचांपैकी एकही चक्क्यासारखी झाली नाही, तर १.६ च्या पुढे २ मिलीपर्यंत जा. तरीही तेल सुटत असेल, तर पुडीचं पृष्ठफळ तुम्ही समजता त्याहून जास्त आहे किंवा भांड्यांना साबण राहिला आहे. भांडी धुण्याच्या साबणाचा हलका थरसुद्धा कणांच्या आधी थेंबावर जाऊन बसतो. बाटल्या शेवटी डिस्टिल्ड पाण्याने चार वेळा खळबळून घ्या.

इमल्शनचा थेंब पाण्यात टाकून पाहा. तो विरघळल्यासारखा पसरला तर बाहेर पाणी आहे आणि आत तेल, आपल्याला हेच हवं. तेलात पसरला तर इमल्शन उलटलं आहे. काचपट्टीवर पाण्याने पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. साधारण १० ते १०० मायक्रॉनचे गोल थेंब आणि त्यांच्या कडेला कणांची काळपट किनार दिसते.

घाण तयार करणं

निवडलेल्या बाटलीचं सगळं पाचपट. ९२.५ ग्रॅम स्लरी आणि ॲसिड-पाण्याचं मिश्रण १० मिली. समजा ०.८ ची बाटली चांगली निघाली, तर ४ मिली ॲसिड-द्रावण आणि ६ मिली पाणी. आता ही स्लरी ५० मिली झाली, पूड ३५ टक्के घनफळाने. ७५ मिली डेकेन तीन-चार हप्त्यांत घाला. प्रत्येक हप्ता पूर्ण जिरेपर्यंत पुढचा ओतू नका, दह्यात ताकाचं पाणी घालताना थांबतो तसं. शेवटच्या हप्त्यानंतर तीन मिनिटं पूर्ण वेगाने फिरवा. यात तेल ६० टक्के होतं. ७४ टक्क्यांच्या आसपास सारख्या आकाराचे गोल एकमेकांना टेकून गच्च बसतात, त्यापुढे ते दाबून चपटे होतात. पहिल्या खेपेला ६० वरच थांबा.

फार जोरात आणि फार वेळ फिरवणं हाही दोष आहे. थेंब जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग जास्त आणि तो झाकायला कण जास्त लागतात. कण संपले की उघडे थेंब एकमेकांत मिसळतात आणि तेल सुटतं. मिश्रणात हवेचे बुडबुडे घुसू देऊ नका. भाजल्यावर त्यांची मिलिमीटरभर मोठी भोकं पडतात आणि चकती तिथेच तुटते.

ओल्या चकतीला ताकद यावी म्हणून काही जण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालतात. पहिल्या दोन-तीन घाणांत ते टाळा. तो स्वतः थेंबावर जाऊन बसतो आणि मग दोष कणांचा की त्याचा, हे शोधत बसावं लागतं.

साच्यासाठी ४० मिमी आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचे २० मिमी उंचीचे तुकडे कापा आणि एका बाजूने उभा काप द्या, म्हणजे नंतर कडं उघडता येतं. खाली काच आणि तिच्यावर बटर पेपर. प्लास्टर ऑफ पॅरिसवर ओतू नका, ते खालून पाणी ओढतं आणि खालचा भाग आधी आकसतो. थर्माकोलचे पेले तर नकोतच, हायड्रोकार्बन त्यांना मऊ करतो. साच्यात भरताना चमच्याने दाबून कोपऱ्यातली हवा काढा आणि वरून पट्टीने सपाट करा.

वाळवणं

बहुतेक चकत्या इथेच जातात. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे, कुरडया घालण्याची आपली सवय या कामात उलटी पडते. बिबडा कडक उन्हात कडांनी वर उचलतो, कारण वरची बाजू आधी सुकून आकसते आणि खालची ओलीच असते. चकतीचंही तेच होतं, फक्त ती वाकण्याऐवजी तडकते. खानदेशातल्या एप्रिल-मेची कोरडी हवा म्हणजे या चकतीला सर्वांत वाईट हवामान. श्रावणातली दमट हवा उलट चांगली.

प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात तळाला मीठ आणि थोडंसं पाणी घाला, इतकं की न विरघळलेलं मीठ दिसत राहील. अशा बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ टिकते. जाळीवर साचे ठेवा, मीठपाण्याचा शिंतोडा लागू देऊ नका. पहिले दोन दिवस झाकण बंद. पाणी हळूहळू जातं, कण जवळ येतात आणि तेलाचे थेंब अजून आत असल्याने छिद्रं कोसळत नाहीत. हा डबा फ्यूम हूडमध्येच ठेवा, आत डेकेनची वाफ साठत असते. डबा उघडताना आसपास ज्योत किंवा तापलेली कॉइल नको. तिसऱ्या दिवशी झाकण बोटभर सरकवा, कडं काढा, चकती उलटी करा. चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण उघडी.

चकती वाळली की नाही हे हाताने सांगू नका, वजनाने सांगा. घाणात ७० ग्रॅम ॲल्युमिना, ३२.५ ग्रॅम पाणी आणि सुमारे ५५ ग्रॅम डेकेन आहे, एकूण १५७.५. म्हणजे कोरडी पूड ४४ टक्के. ओल्या चकतीचं वजन ४० ग्रॅम असेल तर ते १८ ग्रॅमच्या खाली येऊन दोन दिवस स्थिर राहिलं पाहिजे. २० वर अडलं असेल तर आत डेकेन आहे. अशी चकती बंद ओव्हनमध्ये ठेवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. डेकेन १७४ अंशांना उकळतो, खोलीच्या तापमानात तो हळूहळूच जातो, आठवडा लागला तरी थांबा.

वाळलेली चकती खडूपेक्षाही नाजूक असते. दोन बोटांनी उचलू नका, कागदासकट सरकवा.

भाजणं

मिनिटाला १ अंश वेगाने ६०० अंशांपर्यंत जा आणि तिथे २ तास थांबा, म्हणजे उरलेलं सेंद्रिय जळून जाईल. मग मिनिटाला ३ अंशांनी १५५० पर्यंत, २ तास थांबा आणि भट्टी बंद करून आपोआप गार होऊ द्या. पहिला टप्पा घाईत केला तर वरचा थर आधी बंद होतो आणि कार्बन आत अडकून करडा गाभा राहतो.

महाविद्यालयातली साधी मफल फर्नेस १००० अंशांपर्यंत जाते. तिथे ॲल्युमिना जुळत नाही, चकती बोटाला पांढरी लागते आणि नखाने खरवडली जाते. कुंभाराचा आवा तर त्याहून थंड. १५५० ला मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कांड्यांची भट्टी लागते. ती जवळ नसेल तर मफलमध्ये ६०० चा टप्पा आणि पुढे १००० ला २ तास असं अर्धवट भाजून घ्या. चकती हाताळण्याइतकी घट्ट होते आणि सिरॅमिकची भट्टी असलेल्या प्रयोगशाळेत नेता येते. नेताना कापसात गुंडाळा. पहिल्या टप्प्यात वीज गेली तर घाबरू नका. भट्टी गार होऊ द्या आणि पुन्हा तळापासून त्याच संथ वेगाने चढवा.

काय मिळालं ते मोजणं

ओल्या घाणात १२५ मिलीमध्ये १७.५ मिली ॲल्युमिना होता, म्हणजे १४ टक्के. वाळताना ५ टक्के आणि भाजताना १५ टक्के अशी लांबीत आकसली, तर ४० मिमीची चकती सुमारे ३२ मिमीची होते आणि घन भाग २६ ते २७ टक्क्यांवर जातो. सच्छिद्रता मग ७३ टक्के. तुमची चकती कॅलिपरने मोजा, वजन भागिले आकारमान काढा, त्याला ३.९८ ने भागा आणि १ मधून वजा करा.

छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का, हे पाहायला वर शाईचा एक थेंब टाका. लगेच आत शिरून खालून डाग आला तर वाटा उघड्या आहेत, गाळणीला अशीच हवी. थेंब वरच बसून राहिला किंवा कडेने पसरला तर पेशी, म्हणजे ही छिद्रं, बंद आहेत. थेंबावर कणांचं दाट कवच असेल तर पेशी बंद राहतात, उष्णतारोधकाला ते चालतं. वाटा उघडायच्या असतील तर तेल ६० वरून ७० टक्क्यांवर न्या किंवा स्लरीतली पूड ३५ वरून ३० टक्क्यांवर आणा. दोन्ही गोष्टी एकाच खेपेत बदलू नका.

ॲल्युमिना हाताशी बसला की आपल्या भागातल्या कापसाकडे वळता येतं. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. तो ६४ टक्के गंधकाम्लात ४५ अंशांवर पाऊण तास ठेवला तर सेल्युलोजचे नॅनोस्फटिक सुटतात आणि तेही तेलाचे थेंब धरतात. हे ॲसिड फार धोक्याचं आहे, ते मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच हाताळा. या स्फटिकांवर सल्फेटचा ऋण भार चढलेला असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलतात आणि थेंबावर दाटीने बसत नाहीत. पाण्यात थोडं मीठ, ५० मिलिमोलरच्या आसपास, घातलं की हा भार झाकला जातो आणि इमल्शन टिकतं. ॲल्युमिनाच्या स्लरीत हेच मीठ घातलं तर ती घट्ट होऊन बसेल. सेल्युलोजच्या बाबतीतही पाच बाटल्या मांडूनच सुरुवात करा, या वेळी ॲसिडऐवजी मिठाच्या.